मुंबई–न्यूयॉर्क : जाताना सोळा तास, येताना साडेचौदा

दूरच्या विमानप्रवासाविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन शहरांभोवती फिरत असल्यामुळे या वेळी सारी जागा त्याच प्रवासाला दिली आहे.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत राहते. डिसेंबरमध्ये मी आणि माझे यजमान प्रथमच थेट विमानाने तिच्याकडे जाणार आहोत. तिकिटावर मुंबईहून रात्री १.४५ वाजता निघून त्याच तारखेला सकाळी ७.३० वाजता न्यूयॉर्कला पोहोचणार, असे छापले आहे. म्हणजे पावणेसहा तास झाले. जानेवारीतल्या परतीच्या तिकिटावर मात्र सकाळी ११.३० वाजता निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० वाजता मुंबई, म्हणजे पंचवीस तास. मुलगी म्हणते, यातला एकही आकडा खरा नाही. मग खरा प्रवास किती तासांचा, अंतर किती, आणि येण्याजाण्याच्या वेळेत फरक का?
— निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : आपली मुलगी बरोबर सांगते. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावच्या घड्याळाप्रमाणे आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. डिसेंबर-जानेवारीत न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते. म्हणून जाताना पावणेसहा तासांत साडेदहा तास मिळवायचे, म्हणजे सव्वासोळा तास होतात; येताना पंचवीस तासांतून साडेदहा वजा करायचे, म्हणजे साडेचौदा उरतात. हा आपला खरा प्रवास. वजाबाकी-बेरजेत गोंधळ होत असेल, तर ताळा पाहण्याची एक सोपी रीत आहे. तिकिटावरचे दोन्ही आकडे, म्हणजे पावणेसहा आणि पंचवीस, यांची बेरीज पावणेएकतीस तास येते आणि सव्वासोळा व साडेचौदा यांचीही बेरीज तेवढीच येते. जाताना घड्याळाने जे दिले ते येताना परत घेतले, त्यामुळे दोन्ही तिकिटे समोर असली की घड्याळांतला फरक ठाऊक नसतानाही एका बाजूचा सरासरी प्रवास साडेपंधरा तासांच्या जरा आत आहे, हे कळू शकते.

या रीतीला एक अपवाद ध्यानात ठेवावा. अमेरिकेच्या बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. त्या उन्हाळी काळात आपल्यातला आणि न्यूयॉर्कमधला फरक साडेनऊ तासांचाच राहतो. आपण डिसेंबरात जाऊन एप्रिलमध्ये परतणार असता, तर जाताना साडेदहा आणि येताना साडेनऊ असा हिशेब करावा लागला असता.

साडेदहा आणि साडेनऊ यांतला अर्धा तास हा आपल्याकडचा आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२°३०' पूर्व रेखांशावरून, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरून ठरते आणि ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असते. मुंबईने मात्र स्वतःची ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत जपली होती व ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. आज वयाची ऐंशी ओलांडलेल्या मुंबईकरांना घरात ‘कुठल्या घड्याळाने?’ असे विचारले जात असल्याचे आठवत असेल.

आता अंतर. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन विमानतळांमधले कमीत कमी अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. ते जाताना आणि येताना सारखेच असते. पुस्तकात किंवा संकेतस्थळावर जो आकडा मिळतो तो हाच. विमान मात्र तेवढेच उडत नाही. वारे, वादळे, देशांच्या हवाई हद्दी आणि वाहतूक नियंत्रकांनी दिलेले मार्ग यांमुळे प्रत्यक्षातली वाट साधारण १३,००० किलोमीटर किंवा त्याहूनही लांब होते. म्हणून आसनासमोरच्या पडद्यावर वेगळा आकडा दिसला तर कोणी चुकले आहे, असे समजू नये.

येण्याजाण्यातला फरक वाऱ्यामुळे पडतो, आणि मला या विषयात सर्वांत रस वाटतो तो इथेच. मध्य अक्षांशांवर, जमिनीपासून साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारे अतिशय वेगवान वारे वाहतात; त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असणे नेहमीचेच आहे आणि कधीकधी तो तीनशेच्याही वर जातो. प्रवासी विमानेही नेमकी याच उंचीवर उडतात. वासाबुरो ओईशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते, पण आपला अहवाल त्याने एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापल्यामुळे जपानबाहेर तो फारसा कोणी वाचला नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांना हे वारे अंगावर घ्यावे लागले, तेव्हा जगाने त्यांची दखल घेतली.

हिशेब असा. मोठे प्रवासी विमान भोवतालच्या हवेच्या तुलनेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. वाट १३,००० किलोमीटरची धरू आणि संपूर्ण वाटेवरच्या वाऱ्याचा सरासरी परिणाम ताशी ५० किलोमीटरचा धरू. जेट प्रवाह वाटेच्या काही भागातच भेटतो आणि वैमानिक जाताना तो टाळतात, म्हणून सरासरी एवढी कमी. जाताना वारा समोरून, तेव्हा जमिनीवरून मोजलेला वेग ८५० उरतो आणि १५ तास १८ मिनिटे लागतात. येताना वारा पाठीशी, तेव्हा वेग ९५० होतो आणि १३ तास ४१ मिनिटे पुरतात. छापील वेळ मात्र विमान फाटकापासून हलते तेव्हा सुरू होते आणि पलीकडच्या फाटकाशी थांबते तेव्हा संपते. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, रांगेत थांबणे, चढणे आणि उतरणे यांसाठी चाळीस मिनिटे धरली, की आपण जाताना सोळा तासांशी आणि येताना चौदा तास वीस मिनिटांशी येऊन पोहोचतो. उरलेली दहा-पंधरा मिनिटे विमान कंपन्या उशिराची सोय म्हणून वेळापत्रकात राखून ठेवतात. विमान ‘वेळेआधी’ पोहोचल्याची घोषणा पुष्कळदा ऐकू येते, तिचे एक कारण हे आहे.

हिवाळ्यात ध्रुवाकडच्या आणि विषुववृत्ताकडच्या तापमानातील तफावत वाढते, त्यामुळे जेट प्रवाह अधिक जोरकस होतो. आपण डिसेंबर-जानेवारीत प्रवास करणार असल्यामुळे हा फरक आपल्याला सर्वांत ठळक जाणवेल.

प्रश्न : माझ्या मामाने न्यूयॉर्कला जाताना विमानातल्या नकाशाचे छायाचित्र पाठवले. त्यात विमान थेट पश्चिमेला न जाता वर युरोपकडे, मग ग्रीनलंडच्या बाजूला आणि तेथून खाली अमेरिकेत उतरताना दिसते. नकाशावर पट्टी ठेवली तर सरळ रेषा अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. मग विमान वळसा का घेते?
— इयत्ता अकरावीचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : तू पट्टी ठेवून पाहिलेस, हे फार चांगले केलेस. आता शाळेतला पृथ्वीगोल घे आणि एका दोऱ्याचे टोक मुंबईवर व दुसरे न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणून बघ. तो आपोआप वर सरकेल. गोलावर दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहत्‌वृत्ताचा, म्हणजे ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्याच केंद्रात असते अशा वर्तुळाचा एक तुकडा असतो. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना नकाशा उत्तरेकडचे प्रदेश ताणून रुंद करतो, म्हणून हा जवळचा मार्ग कागदावर वाकडा दिसतो आणि लांबचा मार्ग सरळ दिसतो.

तुझ्या दोऱ्याखाली कोणते देश येतात, हे मी गणित करून पाहिले. मुंबईहून निघताना दोऱ्याची दिशा उत्तरेपासून पश्चिमेकडे अवघी २७ अंश कललेली असते. दोरा गुजरातवरून सिंधमध्ये शिरतो, अफगाणिस्तान व तुर्कमेनिस्तान ओलांडतो, मॉस्कोच्या जवळून रशियातून जातो, हेलसिंकीजवळून पुढे सरकून नॉर्वेत ट्रॉनहाइमच्या आसपास समुद्राला लागतो. फॅरो बेटे आणि आइसलंड यांच्या दरम्यान तो सर्वांत उत्तरेला, जवळजवळ ६५° उत्तर अक्षांशावर असतो. तेथून रेक्याविकच्या जवळपास माथ्यावरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून, कॅनडातल्या लॅब्राडॉरवरून तो अमेरिकेच्या मेन व मॅसॅच्युसेट्स राज्यांत येतो आणि न्यूयॉर्कला पोहोचतो. मुंबई १९° वर आणि न्यूयॉर्क साधारण ४१° वर असताना त्यांच्यामधली जवळची वाट ६५° पर्यंत चढते, ही गोष्ट मला आजही प्रत्येक वेळी नवी वाटते.

तुझ्या पट्टीने दाखवलेला मार्ग, म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारा मार्ग, सुमारे १४,२०० किलोमीटरचा भरतो. दोऱ्याचा मार्ग १२,५३० चा. जवळजवळ १,७०० किलोमीटर, म्हणजे विमानाचे दोन तास, वाचतात.

अकरावीत त्रिकोणमिती आहेच, तेव्हा हे अंतर स्वतः काढून पाहा. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार कर. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळव. जी संख्या येईल ती पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनाचा कोसाइन असते. मुंबईसाठी १९.०९° उत्तर व ७२.८७° पूर्व, न्यूयॉर्कसाठी ४०.६४° उत्तर व ७३.७८° पश्चिम घे. रेखांश विरुद्ध बाजूंचे असल्यामुळे त्यांची बेरीज करायची, हे विसरू नकोस. कोन ११२.७ अंशांचा येईल. पृथ्वीवर एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर, हे लक्षात घेऊन गुणाकार केलास की उत्तर हातात येईल.

प्रश्न : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला निघालेल्या विमानाखालून अमेरिका आपणहून जवळ यायला हवी आणि जाण्याचा वेळ कमी लागायला हवा. प्रत्यक्षात उलट कसे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी जवळजवळ १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकत असते, ही गोष्ट खरी आहे, पण तिच्यासोबत हवाही सरकत असते आणि धावपट्टीवर उभे असलेले विमानही. धावत्या रेल्वेच्या डब्यात उडणाऱ्या माशीला मागच्या भिंतीशी पोहोचणे सोपे आणि पुढच्या भिंतीशी पोहोचणे अवघड जात नाही, कारण डब्यातली हवा डब्याबरोबर चाललेली असते. विमानाचा संबंध हवेशी आहे. जमिनीच्या तुलनेत हवा ज्या प्रमाणात पुढेमागे सरकते, तेवढाच फरक वेळेत पडतो आणि त्या सरकण्यालाच आपण वारा म्हणतो.

तरीही पृथ्वीच्या परिवलनाचा या प्रकरणात आडून हात आहे. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालेली हवा परिवलनामुळे पूर्वेकडे वळते आणि त्यातूनच जेट प्रवाहाला त्याची दिशा मिळते. या वाऱ्याची ताकद फेब्रुवारी २०२० मध्ये दिसली. अटलांटिकवर मोठे वादळ असताना न्यूयॉर्कहून लंडनला निघालेले एक प्रवासी विमान पाठच्या वाऱ्याच्या जोरावर ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी या प्रवासाला साडेसहा-सात तास धरतात. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता, पण हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने चालले होते, म्हणून ध्वनीचा वेग ओलांडला असे म्हणता येत नाही.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी गेलो तेव्हाचा मार्ग आणि आताचा मार्ग यांत बराच फरक दिसला. आता विमान सुरुवातीलाच समुद्रावर जाते. युद्धांमुळे अंतर खरोखर किती वाढले आहे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वर सांगितलेला दोरा पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि रशिया या तिन्ही देशांवरून जातो, आणि गेल्या काही वर्षांत नेमके या तिन्ही ठिकाणचे आकाश अडचणीचे झाले. ऑगस्ट २०२१ नंतर अनेक कंपन्यांनी अफगाणिस्तान टाळायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद आहे, आणि रशियाचे आकाश अमेरिकी व युरोपीय संघातील कंपन्यांना बंद झाले. भारतीय कंपन्यांवर रशियाने तशी बंदी घातली नाही. पाकिस्तानने भारतीय विमानांना फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात आपले आकाश बंद ठेवले होते. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी ते पुन्हा बंद केले आणि त्या बंदीची मुदत वेळोवेळी वाढवली. जून २०२५ मध्ये इराणची हवाई हद्दही अचानक बंद झाली, तेव्हा निघालेली काही विमाने अर्ध्या वाटेवरून परतली.

असे असूनही मुंबईचे नुकसान आपल्याला वाटते तेवढे मोठे नाही. मुंबई–मस्कत, मस्कत–इस्तंबूल, इस्तंबूल–लंडन आणि लंडन–न्यूयॉर्क असे चार सरळ टप्पे जोडले, तरी बेरीज १३,००० किलोमीटरच्या जवळपास येते. आदर्श दोऱ्याहून ही वाट फक्त पाचशे किलोमीटरने लांब आहे, म्हणजे पाऊण तासाचाही फरक नाही. याचे कारण भूगोलात आहे. मुंबई समुद्रकाठी असल्यामुळे पश्चिमेची वाट दारातूनच मोकळी आहे. दिल्लीचे तसे नाही. दिल्लीहून वायव्येला निघताच पाकिस्तान लागतो, म्हणून तेथून निघालेल्या विमानाला आधी नैर्ऋत्येला गुजरातकडे यावे लागते आणि मगच पश्चिमेला वळता येते. उत्तर भारतातल्या प्रवाशांना या बंदीची झळ म्हणूनच जास्त बसली.

प्रश्न : जगातला सर्वांत लांबचा विनाथांबा विमानप्रवास कोणता? आणि भारतातून?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सिंगापूर आणि न्यूयॉर्क यांमधला. अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर आणि छापील वेळ साडेअठरा तासांच्या पुढे. भारताच्या बाजूने बेंगळुरू–सॅन फ्रान्सिस्को हा मार्ग सुमारे १४,००० किलोमीटरचा आहे. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाने तो सुरू केला, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला आलेले पहिले विमान सर्व महिला वैमानिकांनी उत्तर ध्रुवाजवळून आणले होते. पृथ्वीच्या परिघाचा निम्मा भाग २०,००० किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे कोणत्याही दोन शहरांमधले अंतर त्याहून जास्त असूच शकत नाही.

प्रश्न : आईवडिलांना न्यूयॉर्कला पाठवायचे आहे. थेट विमान महाग आहे. लंडनमार्गे किंवा दुबईमार्गे गेल्यास अंतर आणि वेळ किती वाढेल? पूर्वीच्या काळी लोक कसे जात?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मुंबई–लंडन ७,२०० किलोमीटर आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५४०, बेरीज १२,७४०. दुबईमार्गे १,९३० आणि ११,०१०, बेरीज १२,९४०. थेट अंतराहून लंडनमार्गे फक्त दोनशे आणि दुबईमार्गे चारशे किलोमीटर जास्त पडतात, कारण दोन्ही शहरे वाटेच्या जवळच आहेत. वेळ मात्र अंतराच्या हिशेबाने वाढत नाही. थांब्याच्या जागी उतरणे, पुन्हा तपासणी, दुसऱ्या विमानाची वाट पाहणे आणि पुन्हा उड्डाण यांत तीन तासांपासून आठ-दहा तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो. तिकीट घेताना अंतर न पाहता मधल्या थांब्याचे तास पाहावेत. ते दोन तासांहून कमी असतील तर वयस्कर माणसांची मोठ्या विमानतळावर धावपळ होते, आणि पाचांहून जास्त असतील तर त्यांना उगाच ताटकळावे लागते. तीन-साडेतीन तासांचा थांबा मला सर्वांत सोयीचा वाटतो, आणि पायांच्या दृष्टीने तो सलग सोळा तास बसण्यापेक्षा बराही पडतो.

पूर्वीच्या प्रवासात थांबे हाच नियम होता. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हा येथे उतरून पुढे गेले. १९६० मध्ये बोईंग ७०७ जेट विमाने आली आणि त्याच वर्षी लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. एअर इंडियाचे मुंबई–न्यूयॉर्क विनाथांबा उड्डाण त्यानंतर ४७ वर्षांनी, ऑगस्ट २००७ मध्ये सुरू झाले.

आपल्या आईवडिलांच्या प्रवासात घरापासून मुंबईच्या विमानतळापर्यंतचे सात-आठ तास आणि उड्डाणाआधीचे तीन तास हेही मोजावेत. थेट विमानाचे सोळा तास धरले, तरी घराचे कुलूप लावल्यापासून न्यूयॉर्कच्या विमानतळाबाहेर येईपर्यंत अठ्ठावीस तासांच्या आसपास होतात. औषधाच्या गोळ्यांचे वेळापत्रक या अठ्ठावीस तासांवरून आखून घ्यावे, डॉक्टरांना ते आधी दाखवावे आणि दोन दिवसांची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत.